पेपरलेस पुण्याचा हिशेब

लग्नाच्या आमंत्रणाखाली आजकाल एक ओळ हमखास आढळते : कागद वाचवा, झाडे वाचवा. बँकेच्या संदेशाखाली तीच ओळ, विमा कंपनीच्या पत्राखाली तीच. कागदी बिल नाकारणाऱ्या ग्राहकाला महावितरण ‘गो-ग्रीन’ योजनेखाली सवलतही देते. धर्मग्रामाची पत्रके व्हॉट्सॲपवर येऊ लागली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आपण सृष्टीसाठी काही तरी केले, असे वाटले. कागद वाचला, हे खरेच आहे. परंतु त्या एका ओळीत जे पुण्य गृहीत धरलेले आहे, ते मोजले कोणी? आमचे म्हणणे असे की, बहुतेकांनी ते मोजलेलेच नाही. आणि ज्यांनी मोजल्याचा आव आणला आहे, त्यांची मापेच खोटी आहेत.

कागद दिसतो, म्हणून त्याची उधळपट्टी डोळ्यांत सलते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र मात्र कोठे तरी ‘वर ढगात’ राहते, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. ढग वगैरे काही नाही. ते छायाचित्र ऐरोली, रबाळे, महापे अशा ठिकाणी, किंवा परदेशातील अशाच एखाद्या गावी, बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारतीत साठवलेले असते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. तेथे हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, ते तापू नयेत म्हणून थंडावा निर्माण करणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात, आणि वीज क्षणभरही जाऊ नये म्हणून आवारात डिझेलवर चालणारी जनित्रे सज्ज असतात. देशातील अशा केंद्रांच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी एकट्या मुंबई परिसरात एकवटली आहे. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार येथे आहेत, आणि वीज येथे क्वचितच जाते. वसईच्या वाडीत संध्याकाळी दिवे गेले की आपण मेणबत्ती शोधतो. खाडीपलीकडच्या त्या इमारतींत मात्र दिवा मिणमिणतही नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या दृष्टीने हा वाटा दीड टक्काच आहे, आणि तो दीडच टक्का आहे, असे सांगून विषय मिटविणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या संपूर्ण देशात वर्षभरात जेवढी वीज तयार होते तिचा हा साधारण पाचवा हिस्सा झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा वाढू लागल्यापासून ही भूक अधिकच वाढली असून २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल, असे त्याच संस्थेचे म्हणणे आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे. वीज लागते, मान्य. पण आता वीजच हरित झाली आहे ना! जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांवाचून चालणारी झाली, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. पण तिचा जो अर्थ घरोघरी लावला गेला, तो मात्र साफ चुकीचा आहे. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नव्हे.

हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गफलत येथेच होते. घराच्या छपरावर तीन किलोवॅटचे सौर संच बसविले, तर आपल्या भागात दिवसाला सरासरी बारा युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. तीनच किलोवॅट क्षमतेचे कोळशावरील यंत्र असे कल्पिले आणि ते नेहमीच्या गतीने चालविले, तर ते दिवसाला पन्नास युनिट देईल, कारण त्याला रात्र नाही आणि श्रावणही नाही. दोन विहिरींचे तोंड सारखेच रुंद असले तरी दोन्हींना झरे सारखे असतीलच असे नाही, हे वाडीवाल्यांना सांगावयास नको. म्हणूनच क्षमतेत निम्मा वाटा असलेली स्वच्छ ऊर्जा, जलविद्युत आणि अणुवीज धरूनही, प्रत्यक्ष निर्मितीत पाव हिश्शाच्या आसपास राहते. देशात तयार होणारी तीन-चतुर्थांश वीज २०२४ मध्येही कोळशाचीच होती, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात आपण १०० कोटी टनांहून अधिक कोळसा खाणींतून उपसला. इतका कोळसा या देशाने पूर्वी कधीच उपसला नव्हता. आपल्या वीजजाळ्यातील सरासरी युनिटामागे आजही सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू आकाशात जातो. ई-पत्रिका याच विजेवर उघडते.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. त्यांचा दावा आपल्या लग्नपत्रिकेहून भारदस्त आहे. आम्ही जेवढी वीज वापरतो तेवढीच नवीकरणीय वीज विकत घेतो, असे त्या सांगतात. गूगल २०१७ पासून दरवर्षी हा दावा करीत आली आहे. पण याच कंपनीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले की, २०१९ ते २०२३ या काळात तिचे कर्बउत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी २०२० नंतर २९ टक्के वाढ झाल्याचे सांगितले. वीज शंभर टक्के स्वच्छ, आणि धूर मात्र वाढता! यातील काही वाढ नव्या इमारतींच्या सिमेंट-पोलादाची आणि यंत्रांच्या उत्पादनाची आहे, हे खरे. उरलेल्याचे रहस्य वर्षाच्या हिशेबात दडलेले आहे.

समजा, एका गृहस्थाने दुपारी शेजारच्या भरलेल्या विहिरीत शंभर घागरी पाणी ओतले आणि रात्री तिसऱ्याच माणसाच्या आटत चाललेल्या विहिरीतून शंभर घागरी उपसल्या. वर्षाअखेरीस तो म्हणतो, माझा पाण्याचा वापर शून्य. गावकी त्याला काय म्हणेल? वर्षाची बेरीज जुळविणारा हरित विजेचा हिशेब असाच आहे. दुपारी एखाद्या राज्यातील वाळवंटात ऊन भरपूर असते, तेव्हाची वीज खरेदी केली जाते. रात्री साडेआठला मुंबईतील संगणक जी वीज ओढतात ती त्या क्षणी जाळ्यात जी असेल ती, म्हणजे बव्हंशी कोळशाची. गूगलच्याच दुसऱ्या एका मोजमापात, म्हणजे त्या-त्या तासाला त्या-त्या ठिकाणी किती वीज कर्बमुक्त होती हे पाहिले असता, २०२३ साली शंभराचे ६४ झाले. हा दुसरा आकडा स्वतःहून छापल्याबद्दल त्या कंपनीला श्रेय दिले पाहिजे. बाकीच्यांपैकी बहुतेक तेवढेही करीत नाहीत.

आपल्या देशात तर प्रमाणपत्रांचा स्वतंत्र बाजार आहे. २०११ पासून नवीकरणीय ऊर्जेची प्रमाणपत्रे वीज-बाजारात विकली जातात. वीज एकाला आणि तिचे ‘हरितपण’ दुसऱ्याला, अशी ती सोय आहे. नव्या पवनचक्क्यांना चार पैसे मिळावेत हा त्यामागील हेतू चांगला आहे, त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कोळशाची वीज बेफिकीरपणे वापरण्यावर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, १७१व्या परिच्छेदात, कर्बपतांच्या खरेदी-विक्रीविषयी हीच शंका व्यक्त केली होती : उपाय झटपट आणि सोपा दिसतो, पण काही देशांच्या आणि क्षेत्रांच्या अतिरेकी वापराला तो आडोसा देऊ शकतो. त्या परिपत्रकावर आपल्याकडे प्रवचने झाली, झाडे लावली गेली, चित्रकला स्पर्धा झाल्या. १७१वा परिच्छेद मात्र कोणाच्या वाट्याला आला नसावा.

स्वच्छ वीज वाढली तरी ती कोठे जाते, हे पाहण्यासाठी दूरच्या देशाकडे वळावे लागते. कारण डेटा सेंटरांच्या वीजवापराचा नियमित सरकारी आकडा आपल्याकडे प्रसिद्ध होत नाही. आयर्लंडमध्ये तो होतो. त्या छोट्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०१५ साली तेथील विजेपैकी ५ टक्के वीज डेटा सेंटरे वापरीत होती. २०२३ साली हा वाटा २१ टक्क्यांवर गेला, आणि त्या वर्षी शहरांतील सर्व घरांनी मिळून वापरलेली वीज होती १८ टक्के. म्हणजे शहरांतील सगळे दिवे, चुली आणि दूरदर्शन संच एका बाजूला ठेवले, तरी संगणकांची कोठारे दुसऱ्या बाजूला जड ठरली. याच काळात आयरिश लोकांनी पवनऊर्जेत जगाला हेवा वाटावा अशी प्रगती केली. त्यांची साधारण एक-तृतीयांश वीज आता वाऱ्यावर तयार होते. जून २०२५ मध्ये त्यांनी विजेसाठी कोळसा जाळणे बंदही केले. तेथे काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वाऱ्याच्या नव्या विजेचा मोठा भाग या नव्या गिऱ्हाइकाने गिळला, आणि नैसर्गिक वायूची केंद्रे, जी त्या वाऱ्याने बंद पडावयास हवी होती, ती धडधडत राहिली. डब्लिनच्या परिसरात नव्या डेटा सेंटरांना वीजजोडणी देणे तेथील यंत्रणेला थांबवावे लागले. ज्या देशात घराघरांत हिवाळा असतो, तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

डिजिटल तंत्राचे समर्थक म्हणतील, तुम्ही फक्त खर्च मोजता; बचत का मोजत नाही? रास्त प्रश्न आहे. घरून काम करणारा विरारचा तरुण त्या दिवशी मोटारसायकल काढत नाही. कॅनडातील नात आजीला पडद्यावर दिसते, त्यामुळे एखादा विमानप्रवास टळतो (किंवा टळत नाही, उलट ओढ वाढते, पण ते असो). याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊन आणि वारा या बेभरवशाच्या पाहुण्यांना वीजजाळ्यात सामावून घेणे संगणकांवाचून शक्यच झाले नसते. उद्या दुपारी ढग किती असतील, सातारच्या पठारावर वारा किती असेल, संध्याकाळी मागणी किती चढेल, याचे अंदाज क्षणाक्षणाला बांधूनच कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राला काम करावे लागते. नवीकरणीय ऊर्जा आणि संगणक यांचे हे नाते खरे आहे, उपकारक आहे, आणि आम्ही ते नाकारत नाही.

परंतु बचत झाली म्हणजे वापर घटला, असे होत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट यंत्रे सर्वत्र पसरली आणि कोळसा अधिक जळला. चलच्चित्र पाठविणे स्वस्त झाले तेव्हा आपण कमी पाठविले का? पूर्वी लग्नाचा एक आल्बम असे आणि तो पाहुण्यांना जबरदस्तीने दाखविला जाई. आता दोन हजार छायाचित्रे, तीन चलच्चित्रे आणि ड्रोनवरून घेतलेली वरात चारशे भ्रमणध्वनींवर पोहोचते, प्रत्येकाची प्रत पुन्हा कोठारात साठते, आणि आल्बम छापला जातो तो जातोच. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. या प्रत्येक व्यवहाराने एकेक बँकफेरी वाचविली असे कोणी म्हणणार असेल, तर दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी आपण पूर्वी बँकेत जात होतो का, हे त्याने सांगावे.

एका वस्तूच्या जागी दुसरी आली तरच बचत होते. दोन्ही राहिल्या तर भर पडते. विजेच्या दिव्याचे उदाहरण घ्या. २०१५ पासून सरकारी योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. तेथे एक दिवा काढून दुसरा लावला गेला, म्हणून ती बचत खरी ठरली. ई-पत्रिकेबाबत असे झाले आहे का, ते प्रत्येकाने आपल्याच घरी पाहावे.

या सगळ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, सौरऊर्जा हे थोतांड आहे आणि कोळसाच बरा. अशी मंडळी अलीकडे वाढली आहेत आणि त्यांना आमचे म्हणणे सोयीचे वाटण्याचा संभव आहे. त्यांना आमचा स्पष्ट नकार आहे. छपरावरील तीन किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे चार हजार युनिट देतो. तेवढ्या विजेमागचा पावणेतीन टन कर्बवायू टळतो. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ च्या योजनेत अशा घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्यांचे छप्पर मोकळे आहे त्यांनी वाट पाहू नये. व्हॅटिकननेही २००८ साली आपल्या पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सौर तक्ते बसविले होते. आपल्याकडे मात्र सौर संच प्रथम ख्रिस्तमंदिरावर बसविण्याची हौस दिसते, कारण ते रस्त्यावरून दिसते. आमची सूचना आहे की, तो आधी शाळेच्या छपरावर बसवावा. शाळा उन्हात भरते आणि उन्हात सुटते; तेथे तयार झालेली वीज तेथेच, त्याच तासाला खपते. सकाळच्या आणि सायंकाळच्या मिस्सेसाठी सूर्य थांबत नाही.

आमचा वाद ऊर्जेशी नाही, हिशेबाशी आहे, आणि त्या हिशेबात कोणाचे नाव खर्चाच्या बाजूला पडते, याच्याशी आहे. मुंबईला ‘हरित’ वीज मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून तिच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. धूर नाही, राख नाही. आजच्या जाहिरातदाराला याहून अधिक काय हवे असते? पण पुढे त्याच कामासाठी मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा भातखाचरे बुडणार होती ती मावळातल्या शेतकऱ्यांची. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, धरण झालेच. पाणी स्वच्छ होते, व्यवहार स्वच्छ नव्हता. आज वाळवंटात, माळरानावर, आदिवासींच्या चराऊ जमिनीवर सौर प्रकल्प उभे राहतात तेव्हा मुळशीची आठवण कोणाला व्हावयाची?

आणि कोळशाच्या बाजूला कोण उभे आहे? डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला; त्याच तालुक्यात १९९५ पासून ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी चालते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला चेंबूर-माहुलच्या वस्त्यांशेजारी ट्रॉम्बेचे कोळशाचे संच आहेत. विदर्भातील चंद्रपूर, कोराडी यांविषयी तर वेगळा लेखच लिहावा लागेल. शहराची मागणी घटली असती, तर या केंद्रांची धग प्रथम कमी झाली असती. मागणी वाढतच आहे, आणि वाढविणाऱ्यांत ती बिनखिडक्यांची कोठारे पुढे आहेत.

येथे एक गोष्ट वाचकांनी आपल्या विजेच्या बिलावर स्वतः पाहावी. ‘वीज शुल्क’ म्हणून एक रकाना असतो. घरगुती ग्राहकाला तेथे १६ टक्के भरावे लागतात. दोन खोल्यांत राहणाऱ्या विधवेलाही, आणि मासे सुकवून विकणाऱ्या कोळिणीलाही. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना मात्र या शुल्कातून सूट देण्यात आली आहे. उद्योग यावेत म्हणून सवलत द्यावी लागते, हे आम्ही जाणतो. परंतु जो सर्वाधिक ओढतो त्याला माफी आणि जो मोजून वापरतो त्याच्यावर आकारणी, हा कोणता न्याय? निदान त्या सवलतीच्या बदल्यात काही तरी मागावयास हवे होते. प्रत्येक डेटा सेंटरने आपला वीजवापर जाहीर करावा. वर्षाचा नव्हे, तासातासाचा. त्या तासाला त्यातील किती वीज खरोखर ऊन, वारा, पाणी यांची होती आणि किती कोळशाची, हे सांगावे. रात्रीची गरज भागविण्यासाठी त्यांनी स्वतःच्या खर्चाने साठवणुकीच्या बॅटऱ्या उभाराव्यात. हे ज्यांना जमणार नाही त्यांची सवलत काढून घ्यावी. आणि हे घडेपर्यंत ‘शंभर टक्के हरित’ हे शब्द जाहिरातीत वापरण्यास मनाई असावी.

घरच्या आघाडीवर सांगण्यासारखे थोडेच आहे. भ्रमणध्वनीच्या आयुष्यातील कर्बउत्सर्जनाचा सर्वांत मोठा भाग, साधारण चार-पंचमांश, तो कारखान्यात तयार होतानाच घडून गेलेला असतो. आपण तो किती वेळा चार्ज करतो यावर फारच थोडे अवलंबून असते. म्हणून दोन वर्षांनी नवा घेणाऱ्याने विजेची बटणे बंद करीत फिरण्यापेक्षा जुन्याचीच बॅटरी बदलून आणखी तीन वर्षे वापरावा. प्रत्येक पर्वाला, प्रत्येक पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराला नवा फोन भेट देण्याची जी प्रथा पडू लागली आहे, तिच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी बोलावे. एवढे पुरे.

कारण खरे काम घरात नाही, बाहेर आहे. विजेचे दर ठरविताना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सूचना काढतो, वृत्तपत्रांत ती मराठीतही येते, आणि कोणताही ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो, सुनावणीत बोलू शकतो. त्या सुनावण्यांना उद्योगांचे सल्लागार फायली घेऊन येतात. घरगुती ग्राहक थोडेच दिसतात. हरित वसईसाठी मोर्चे काढलेल्या या समाजाला निवेदन लिहिणे नवे नाही. आपल्या धर्मग्रामांतील पतपेढ्यांमध्ये, शाळांमध्ये, महावितरणातून निवृत्त झालेल्या मंडळींमध्ये हिशेब वाचू शकणारी माणसे आहेत. त्यांतील पाच-सहा जणांनी एकत्र बसावे, पुढच्या दरनिश्चितीची सूचना निघेल तेव्हा तिची प्रत मिळवावी, आणि एकच प्रश्न लेखी विचारावा : आमच्या सोळा टक्क्यांसमोर डेटा सेंटरांनी किती वीज, कोणत्या तासाला आणि कशाची वापरली?